समोरचीचं पुढचं वाक्य ठाऊक असतं तेव्हा

"ताई, कुटुंब न्यायालयात समुपदेशक म्हणून मला १९ वर्षं झाली. सुरुवातीला समेट झालेल्या जोडप्यांची नावं एका वहीत लिहायचे, ते कधीच सुटलं. आता समोरची बाई 'सासूबाई' म्हणाली, की पुढची चार वाक्यं मला पाठ असतात. मी मान डोलावते आणि मनात रात्रीच्या भाजीचा विचार करते. परवा मुलगी म्हणाली, 'आई, तू माझ्याशीपण केससारखं बोलतेस.' माझी वाढ थांबली का? हे काम सोडू का?"
– एक समुपदेशक, कोल्हापूर

भाजीचं लिहिलंत ते फार बरं केलंत. ती ओळ नसती, तर हे पत्र म्हणजे नुसती थकल्याची तक्रार वाटली असती.

आधी वहीबद्दल. ती का सुटली ते तुम्ही लिहिलेलं नाही. माझा अंदाज असा, की वहीतली एखादी बाई वर्षभरात परत दारात उभी राहिली असेल. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याचं कलम ९ न्यायालयाला आधी तडजोडीचा प्रयत्न करायला सांगतं, मग समेटाचा आकडा हेच आपलं प्रगतिपुस्तक वाटायला लागतं. तुम्ही तो मोजायचं सोडलंत, तिथे तुम्ही चांगल्याच वाढलात. फक्त पाठ थोपटायला तेव्हा शेजारी कोणी नव्हतं.

आता पाठ झालेल्या वाक्यांचं. समुपदेशनातले मोठे मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स अमेरिकेत रॉचेस्टरला मुलांच्या केंद्रात १२ वर्षं होते. तिथे एका व्रात्य मुलाची आई त्यांच्याकडे यायची. तिने मुलाला लहानपणी झिडकारलं, तिथेच सगळं बिघडलं, असं निदान त्यांनी करून ठेवलं होतं. बऱ्याच भेटी झाल्या, तिला काही ते पटेना. शेवटी त्यांनी हात टेकले, आता थांबू या म्हणाले. बाई दारापर्यंत गेली, वळली आणि म्हणाली, "तुम्ही इथे मोठ्यांना घेता का?" मग परत खुर्चीत बसून तिने स्वतःच्या संसाराचं सांगायला सुरुवात केली. इतक्या भेटींत ते कुणी विचारलंच नव्हतं! रॉजर्सही तेव्हा काही नवशिके नव्हते.

मी महिला केंद्रात बसायचे, तेव्हाची गोष्ट. एक जण म्हणाली, "सासूबाईंनी डबा फेकला." पुढचं मलाही पाठ होतं. त्या दिवशी का कोण जाणे, विचारलं, डब्यात काय होतं? बराच वेळ गप्प राहिली. "पुरणपोळ्या. आईनं पाठवलेल्या, शेवटच्या." आई जाऊन महिना झाला होता. सासूबाईंचा विषय त्या दिवशी पुन्हा निघाला नाही.

तेव्हा 'सासूबाई' ऐकू आलं, की ज्याचं उत्तर तुम्हाला खरंच ठाऊक नाही असा एक साधा प्रश्न विचारा. वस्तूचा, वेळेचा, जागेचा.

पण मला खटकलं ते वेगळंच. अख्ख्या पत्रात तुमचं ऐकणारं कुणी नाही. १९ वर्षं इतरांची भांडणं पोटात घालताय, ती ओतता कुठे? मुलीसमोर तर नाही ना? एखादी ज्येष्ठ समुपदेशक शोधा, तुमच्या न्यायालयाबाहेरची, आणि महिन्यातून दोनदा तिच्याकडे सुपरव्हिजनला, म्हणजे आपल्या केसेस मांडून त्यावर बोलायला, जा. नावं गाळून केस मांडा. जमलेली केस सांगू नका, जिच्यात भाजी आठवली तीच सांगा. आणि फी द्या. फुकटात गेलात, की तिसऱ्या भेटीत दोघी चहा-चिवड्यावर घसराल.

मुलीशी मात्र कुठलंही तंत्र नको. "तुला असं वाटतंय का, की..." हे वाक्य घराच्या उंबऱ्याबाहेर ठेवा. ती चिडली तर तुम्हीही चिडा. ओल्या टॉवेलवरून भांडा.

राजीनाम्याचं म्हणाल, तर मेच्या सुट्टीनंतर बघू. सुट्टी मात्र पूर्ण घ्या. आणि ती जुनी वही रद्दीत गेली नसेल, तर सुपरव्हिजनला पहिल्या दिवशी जाताना पिशवीत टाका.