प्रशिया, प्रूस आणि प्रुष्

एका वाचकांनी विचारलं आहे: "प्रशियन भाषा अठराव्या शतकात नामशेष झाली असं वाचलं. पण प्रशियन लोक तर जर्मन बोलत. मग ही जर्मनचीच एखादी बोली होती का? आणि प्रशियाचा रशियाशी काय संबंध?"

दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण तो ऐकून ऐकून कान किटले आहेत. नावांचा संबंध काहीही नाही. प्रशिया आणि रशिया यांचं यमक इंग्रजीने जुळवलं. आपण दोन्ही नावं इंग्रजीतून उचलली म्हणून ते मराठीतही जुळतं, एवढंच. जर्मन माणूस एकाला प्रॉयसेन म्हणतो, दुसऱ्याला रुसलांट. पोलिशमध्ये प्रूसी आणि रोस्या.

आता पहिला प्रश्न. बिस्मार्क, टोकदार शिरस्त्राण, कडक शिस्त हे अर्थ सगळ्यांना ठाऊक आहेत, ते सोडून देतो. मूळचे प्रशियन जर्मन नव्हतेच. (त्यांना मी पुढे 'प्रूस' म्हणणार आहे.) ते बाल्टिक लोक, व्हिस्चुला आणि नेमान या नद्यांच्या मधल्या किनारपट्टीवर राहणारे. आज तो मुलूख मुख्यतः ईशान्य पोलंड आणि रशियाचा कालिनिनग्राड प्रांत यांत वाटला गेला आहे. त्यांची भाषा लिथुआनियन आणि लाटव्हियन यांची बहीण. मराठीचं फारसीशी जितकं नातं आहे तितकंही तिचं जर्मनशी नाही.

जर्मन तिथे आले ते तेराव्या शतकात, तलवार घेऊन. माझोव्हियाच्या कोनराड या पोलिश ड्यूकने १२२६च्या सुमारास ट्यूटॉनिक सरदारांना, म्हणजे जर्मन धर्मयोद्ध्यांच्या संघाला, या बिगरख्रिस्ती शेजाऱ्यांवर बोलावलं. १२६०मध्ये प्रूसांनी मोठा उठाव केला, तो चौदा वर्षं चालला. त्यांचा पुढारी हेर्कुस मोंते शेवटी पकडला गेला आणि फासावर गेला. १२८३पर्यंत सगळा मुलूख सरदारांच्या हाती पडला.

भाषा मात्र आणखी चारेकशे वर्षं तग धरून होती. स्वित्झर्लंडमधल्या बाझेल विद्यापीठाच्या ग्रंथालयात चौदाव्या शतकातल्या एका लॅटिन हस्तलिखितात कुणीतरी दोन ओळी खरडून ठेवल्या आहेत. १९७०च्या दशकात त्या अभ्यासकांच्या नजरेला आल्या. या भाषेतला हा सर्वांत जुना सलग मजकूर. त्यातली दुसरी ओळ मोठ्याने वाचा:

"एग कोयते पोयते, नीकोयते पेन्नेगा दोयते."

पहिल्या ओळीत 'राम राम साहेब, तुम्ही काही भले गडी नाही' अशा अर्थाची सलामी आहे. दुसरीचा अर्थ, प्यायला पाहिजे आणि पैसा द्यायला नको. 'पोयते' म्हणजे पिणे, 'दोयते' म्हणजे देणे, 'नी' म्हणजे न. 'पेन्नेगा' हा पैसा तेवढा जर्मनांकडून आलेला. सहाशे वर्षांपूर्वी बाल्टिक किनाऱ्याची भाषा जाणणाऱ्या कुणीतरी फुकट्या दोस्ताला हाणलेला टोला आहे हा, आणि त्यातली क्रियापदं आपण रोज वापरतो. एल्बिंगच्या जर्मन-प्रूस शब्दसंग्रहात ८०२ शब्द आहेत. त्यात नदीला 'आपे' आहे, संस्कृतातलं आपः आठवा. कुत्र्याला 'सुनिस' आहे, शुनक आठवा. दाताला 'दांतिस', त्यासाठी तर काही आठवायलाही नको. ही जर्मनची बोली म्हणणाऱ्याने हा संग्रह एकदा चाळावा.

आता नावाकडे येतो. मला मुळात यावरच लिहायचं होतं.

जुन्या विद्वानांनी एक व्युत्पत्ती रुळवली आणि ती अजून छापली जाते: 'पो' म्हणजे लगत, 'रुस' म्हणजे रशिया, म्हणून पो-रुस, रशियालगतचा प्रदेश. लॅटिनातलं 'बोरुसिया' हे रूप त्यांना फार आवडतं. (डॉर्टमुंडच्या फुटबॉल क्लबाच्या नावातलं बोरुसिया ते हेच.) मला ही व्युत्पत्ती साफ अमान्य आहे. पो-मोझे, म्हणजे समुद्रालगतचा प्रदेश, हे शेजारचंच नाव बघा. हजार वर्षांत त्यातला 'पो' जागचा हललेला नाही. मग प्रूसांच्याच नावातला ओकार कुठे गेला? शिवाय सर्वांत जुन्या नोंदींत तो मुळात नाहीच. लोकांच्या नवव्या शतकातल्या एका बव्हेरियन यादीत 'ब्रुझी' आहे. दहाव्या शतकातला प्रवासी इब्राहिम इब्न याकूब 'ब्रूस' लिहितो, आणि त्यांची भाषा वेगळी आहे हेही आवर्जून सांगतो. 'बोरुसिया' हे रूप मागाहून लॅटिन पंडितांनी सजवलेलं. आणि सगळ्यांत पक्का पुरावा ऱ्हस्व-दीर्घाचा. लिथुआनियनमध्ये रशियन लोक 'रुसाइ', त्यातला उ ऱ्हस्व. प्रशियन 'प्रूसाइ', त्यातला ऊ दीर्घ. शेजारी सख्खे बाल्टिक लोक ज्या दोन नावांत इतक्या काटेकोरपणे फरक करतात, ती एक कशी मानायची?

दुसरा पंथ 'पुरुष' वाल्यांचा. प्रूस म्हणजे पुरुष, म्हणजे माणसं. कानाला गोड, पण पुरुष शब्दाची स्वतःचीच व्युत्पत्ती अजून वादात आहे. अशा शब्दाच्या आधारावर दुसरा शब्द उभा करणं मला पटत नाही. परशुरामापर्यंत जाणाऱ्यांना तर हात जोडतो.

मला पटते ती व्युत्पत्ती 'प्रुष्' धातूची. लिथुआनियनमध्ये 'प्राउस्ती' म्हणजे तोंड धुणे. हात-तोंड धुण्याच्या खोलीला ते 'प्राउसिक्ला' म्हणतात. ऋग्वेदात प्रुष् म्हणजे शिंपडणे. मरुतांच्या सूक्तात "अभ्रप्रुषो न वाचा प्रुषा वसु" असं येतं, त्यातले अभ्रप्रुष् म्हणजे मेघातून शिंपडले जाणारे थेंब. लिथुआनियन आणि संस्कृत या दोन क्रियापदांचं नातं भाषाशास्त्राला मान्य आहे. त्या मुळाशी लोकनाम जोडायचं की नाही, वाद तेवढ्यावरच आहे. मी जोडतो, कारण तो प्रदेश पाहा. नद्या, दलदल, आणि वाळूच्या लांबच लांब पट्ट्यांनी समुद्रापासून तोडलेली दोन प्रचंड खाजणं. तिथला माणूस पाण्यातला माणूस.

आणि गंमत पुढेच आहे. पाणिनीय धातुपाठात प्रुष् दोनदा येतो: एकदा भिजवणे या अर्थाने, एकदा जाळणे या अर्थाने. लॅटिनमध्ये 'प्रुइना' म्हणजे गोठलेलं दव, इंग्रजी फ्रॉस्टही त्याच घरातला. भिजणं, गोठणं, जळणं एकाच ध्वनीत! कोशकार इथे दोन वेगळी मुळं मानतात. त्यांनी दहिवराने जळालेलं पीक पाहिलेलं नसावं असं मला वाटतं. आमच्याकडे शेतकरी पहाटे शेतात जाऊन येतो आणि 'दहिवरानं पानं करपली' म्हणतो. हिम जाळतं हे त्याला सांगावं लागत नाही. माझ्या मते हा धातू एकच आहे, आणि उलट पुरावा मिळेपर्यंत मी हे मत सोडणार नाही.

नाव जर्मनांकडे कसं गेलं? मुलूख जिंकला तसं नावही घेतलं. १५२५मध्ये ट्यूटॉनिक संघाचा प्रमुख आल्ब्रेख्त लूथरपंथी झाला आणि प्रशियाचा ड्यूक बनला. त्याच्याच राज्यात १५६१मध्ये आबेल विल नावाच्या पाद्र्याने लूथरची प्रश्नोत्तरी प्रूस भाषेत छापली. या भाषेतला सर्वांत मोठा ग्रंथ तो. पुढे बर्लिनला राजधानी असलेल्या ब्रांडेनबुर्गच्या राजघराण्याला ती डची, म्हणजे ड्यूकचं राज्य, मिळाली, आणि १७०१मध्ये त्यांनी क्योनिग्सबेर्गला (आजचं कालिनिनग्राड) स्वतःला 'प्रशियातला राजा' म्हणून मुकुट घातला. त्यानंतर बर्लिनसुद्धा प्रशियन झालं. चित्रकलेच्या परीक्षेला आपण वापरायचो तो प्रशियन ब्लू १७०६च्या सुमारास त्या बर्लिनमध्ये सापडला. १७०९ ते १७११ या वर्षांत पूर्व प्रशियात प्लेगने गावंच्या गावं ओस पडली, आणि प्रूस भाषा बोलणारे जे थोडे उरले होते तेही त्याच सुमारास संपले.

म्हणून माझा आग्रह, मराठीत दोन शब्द ठेवा. पोलिश लोक ठेवतात: जुने बाल्टिक ते 'प्रूसोव्ये', जर्मन ते 'प्रूसात्सी'. आपणही जुन्या लोकांना आणि त्यांच्या भाषेला 'प्रूस' म्हणावं, आणि बिस्मार्कच्या राज्याला 'प्रशियन'. तुम्ही वाचलेल्या लेखात 'प्रूस भाषा' असं लिहिलं असतं, तर हा प्रश्न तुम्हाला पडलाच नसता.