मुलीला सिलिॲक निघालाय आणि घरात रोज पोळ्या होतात. रोजचं कसं निभवायचं?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगी सात वर्षांची आहे, दीड महिन्यापूर्वी सिलिॲकचं (गव्हातल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनाने आतडं बिघडण्याच्या आजाराचं) निदान झालं, तेव्हापासून ती फक्त भात आणि ज्वारीची भाकरी खाते, तरी पोट पूर्ण शांत नाही. दूध प्यायली की पोट फुगतं. आणि सासूबाई म्हणतात, "एखादी पोळी खाल्ली तर काय बिघडतंय?" घरात धाकटा मुलगाही आहे, आणि दिवाळीच्या फराळाचं काय, हेही विचारलंय.

मी डॉक्टर नाही. नाशिकला पंचवटीत राहतो, सातपूरला नोकरी करतो आणि नऊ वर्षांपासून सिलिॲकचा पेशंट आहे. माझं निदान पस्तिशीत झालं, तेही पोटामुळे नव्हे. दोन वर्षं लोहाच्या गोळ्या खाऊनही हिमोग्लोबिन सातच्या वर सरकेना, म्हणून शेवटी कुणीतरी टीटीजी, म्हणजे सिलिॲकची रक्ततपासणी, करायला सांगितली.

तुम्हाला माझा पहिला प्रश्न असा, की ज्वारी दळता कुठे?

मीसुद्धा पहिले आठ महिने अगदी निष्ठेने भाकरी खाल्ली. पोळीला हात लावला नाही, बिस्किट नाही, पाव नाही. आठ महिन्यांनी रक्त तपासलं तर टीटीजीचा आकडा जेमतेम हलला होता. डॉक्टरांना वाटलं मी चोरून खातोय. बायकोलाही तसंच वाटलं, ते जास्त लागलं. मग एका रविवारी मी डबा घेऊन स्वतः गिरणीत गेलो. माझ्या आधी एका बाईंचं दहा किलो गव्हाचं दळण चाललं होतं. ते संपलं, गिरणीवाल्याने गिरणीच्या तोंडाला बांधलेल्या कापडी पिशवीवर दोन थापा मारल्या, डबा बदलला आणि त्याच जात्यात माझी ज्वारी ओतली. पहिलं पीठ पडलं ते चक्क गव्हाळ रंगाचं. माणसाची काही चूक नव्हती. त्याच्या भुवयांवरसुद्धा गहूच होता!

आता हिशेब करा. गव्हाच्या पिठात साधारण दहावा हिस्सा ग्लूटेन धरा. किलोभर ज्वारीच्या पिठात चमचाभर, म्हणजे ५ ग्रॅम, गहू मिसळला की झालं ५०० मिलिग्रॅम. एफएसएसएआयच्या (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) नियमात 'ग्लूटेन-फ्री' म्हणजे किलोमागे जास्तीत जास्त २० मिलिग्रॅम. आपण पंचवीस पटीने पुढे, आणि मनात मात्र समाधान की मुलगी भाकरीच खातेय.

"सकाळी पहिलं दळण आमचं घ्या" असं सांगून मी पाहिलंय. उपयोग नाही, आदल्या रात्रीचं पीठ जात्यात असतंच. आम्ही घरघंटी घेतली. पंधरा-वीस हजारांचा खर्च एकदम अंगावर येतो हे खरं, पण एवढ्या वर्षांत ह्या आजारासाठी केलेल्या खर्चात तेवढाच मला पूर्ण वसूल झालाय. तिच्यात गहू कधीच घालायचा नाही, पाहुणे आले तरी नाही, शेजारणीने कितीही गोड आवाजात मागितली तरी नाही. घरघंटी येईपर्यंत तांदूळ, भगर मिक्सरवर काढा, किंवा 'ग्लूटेन-फ्री' छापलेलं पाकीट घ्या. आणि ज्वारी, बाजरी ताटात पसरून निवडा. पोत्यातल्या धान्यात गव्हाचा दाणा हटकून सापडतो.

स्वयंपाकघरात दोन चुली मांडायची गरज नाही. भांडी घासली की स्टील स्वच्छ होतं. लाकूड मात्र होत नाही, म्हणून पोळपाट-लाटणं वेगळं. तवा वेगळा, चाळणी वेगळी, पिठाचा डबा वेगळा. तळणीचं तेल वेगळं, कारण ज्यात पुऱ्या तळल्या त्यात पापड तळला की पापडही गेला. उष्णतेने ग्लूटेन मरत नाही, ते काही जंतू नव्हे. आमच्याकडे आधी भाकरी होतात, त्या झाकून वर ठेवल्या की मग कणकेची परात खाली येते. पिठाची धूळ हवेत बराच वेळ राहते, त्यामुळे हा क्रम उलटा करू नका. तूप-लोण्याच्या डब्यात पोळीचा चमचा जातो, म्हणून मुलीची वाटी वेगळी काढा.

आता हिंग. बाजारातला बहुतेक हिंग नुसता हिंग नसतो, त्यात डिंक आणि पीठ मिसळलेलं असतं, आणि ते पीठ बऱ्याचदा गव्हाचं किंवा मैद्याचं. डबीवर मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलेलं असतं. मोबाईलच्या कॅमेऱ्याने मोठं करून वाचा. तांदळाच्या पिठाचा हिंगही मिळतो, नाहीतर सरळ सोडून द्या. आमच्या वरणाला तीन वर्षं लसणाचीच फोडणी आहे आणि कुणी तक्रार केलेली नाही.

दुसरा फटका मला कुरडईने दिला. आई उन्हाळ्यात गच्चीवर वाळवणं घालते. पापड, सांडगे, कुरडया एकाच डब्यात. मी पापडासारख्याच कुरडया खात होतो. कुरडई गव्हाच्या चिकाची असते हे मला लहानपणापासून माहीत होतं, पहाटे चीक मीच ढवळायचो, पण डोक्यात 'गहू म्हणजे पोळी' एवढंच बसलेलं. तसंच रवा, लापशी, शेवया, सातूचं पीठ. सातू म्हणजे बार्लीही निघते, आणि बार्लीतही ग्लूटेन आहेच. दुधात घालायच्या माल्टच्या पावडरी, माल्ट असलेले कॉर्नफ्लेक्स, चायनीजमधला सोया सॉस ही सगळी त्याच रांगेत. थालिपिठाच्या विकतच्या भाजणीत गहू असतोच असं धरून चाला. आणि कुणी "खपली गहू चालतो" म्हणालं तर ऐकून घ्या आणि सोडून द्या. खपली हा गहूच आहे.

सासूबाईंचं. त्यांना 'ॲलर्जी' म्हणून सांगू नका, ॲलर्जी म्हटलं की थोडं थोडं खाऊन सवय होईल असं वाटतं. माझ्या आईला पटलं ते टॉवेलमुळे. लहान आतड्याला आतून टर्किश टॉवेलसारखी बारीक लव असते आणि तीच अन्न शोषते. ह्या आजारात गहू पोटात गेला की शरीर आपल्याच आतड्यावर चालून जातं आणि लव झडून टॉवेलची चादर होते. वरून मूल खेळतं दिसतं, आत चादरच. एका पोळीने त्या दिवशी काही दिसणारही नाही, म्हणून तर फसायला होतं.

"आमच्या वेळी नव्हतं असलं काही" ह्यावर माझं उत्तर: तुमच्या वेळी नाशिक जिल्ह्यात रोजची भाकरी बाजरीची नाहीतर नागलीची होती, गहू सणाला यायचा. आणि गव्हाशी संबंध कळूनही फार काळ झालेला नाही. विलेम डिक नावाचे एक डच बालरोगतज्ज्ञ आधीपासून गव्हावर संशय धरून होते. १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळे हॉलंडमध्ये पाव मिळेनासा झाला, लोक उपाशी, आणि सिलिॲकची मुलं मात्र सुधारली. पाव परत आला तशी पुन्हा आजारी पडली. आईला ही गोष्ट इतकी आवडली की आता तीच पाहुण्यांना सांगते, हॉलंडच्या जागी कधी जर्मनी येतं एवढंच.

दुधाचं घाबरू नका. दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज ह्याच लवेच्या टोकांवर तयार होतं. लव झडली की दूध पचत नाही. बहुतेकांचं हे तात्पुरतं असतं, ग्लूटेन खरोखर बंद झालं की काही महिन्यांत दूध परत सुरू होतं. तोवर विरजलेलं दही, ताक देऊन बघा, ते बहुधा सोसतं. दूध कायमचं तोडू नका, वाढत्या वयात कॅल्शियम लागतं. नागलीची साथ घ्या, १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. पेठ, सुरगाणा, त्र्यंबककडची नागली आपल्याकडे सहज मिळते. अख्खी आणा आणि घरी दळा. लोह, डी, बी१२ मात्र डॉक्टर तपासून देतील तसंच.

बाहेरचं खाणं म्हणाल तर नाशिकमध्ये राहून मिसळ सोडायची हे दुःख मी समजू शकतो. पाव गेला तरी चालेल, पण फरसाणात मैद्याची पापडी असते आणि शेव समोश्याच्याच कढईत तळलेली. घरी मटकीची उसळ, झणझणीत तर्री, घरची शेव आणि सोबत भाकरी, असा आमचा रविवार असतो. बाहेर त्यातल्या त्यात इडली बरी. इडलीचा रवा तांदळाचा असतो, 'रवा इडली' मात्र गव्हाची. सांबाराच्या हिंगाचं विचारावं लागतंच.

उपवासाचे पदार्थ हा आपला मोठाच आधार. साबुदाणा, भगर, राजगिरा, शिंगाडा, सगळं चालणारं. त्यात नाशिक भगरीच्या गिरण्यांचंच गाव. राजगिरा, शिंगाडा पीठ म्हणून न आणता अख्खा आणला की झालं. सत्यनारायणाच्या शिऱ्याचा प्रसंग येईलच. मी प्रसाद हातात घेतो, कपाळाला लावतो आणि शेजारच्याच्या हातावर ठेवतो, आजवर देवाने हरकत घेतलेली नाही. घरच्या पूजेला भगरीचा शिरा करतो आम्ही, सगळ्यांनाच तोच प्रसाद.

शाळेत वर्गशिक्षिकेला एक चिठ्ठी द्या. चार ओळीच लिहा, लांब पत्र कुणी वाचत नाही. वाढदिवसाच्या केकसाठी तिच्या आवडीचा खाऊ बाईंच्या कपाटात आधीच ठेवून द्या. खेळायच्या मऊ रंगीत क्लेमध्येही कधी गव्हाचं पीठ असतं, हात धुवायला शिकवा. "मला चालत नाही" हे तिने स्वतः न लाजता म्हणायला लागायला वर्ष जाईल.

अजून एक, घाईने सांगतो पण महत्त्वाचं आहे. तुम्ही दोघं आणि धाकटा मुलगा, तिघांची टीटीजी-आयजीए आणि एकूण आयजीए ह्या दोन रक्ततपासण्या करून घ्या. सख्ख्या नात्यात साधारण दहात एकाला हा आजार निघतो, लक्षणं नसतानाही. आणि तपासणी होईपर्यंत तिघांनी पोळी सोडू नका. गहू सोडून रक्त तपासलं तर रिपोर्ट खोटाच चांगला येतो. माझ्या एका सहकाऱ्याने व्हिडिओ पाहून गहू आधी सोडला, आता त्याला सिलिॲक आहे की नुसता गहू-कांदा-लसणातल्या फ्रुक्टान नावाच्या कर्बोदकाचा त्रास, हे कळण्यासाठी पुन्हा काही आठवडे पोळी खावी लागणार आहे, आणि तो तयार होत नाही. मुलीची पुढची तपासणी सहा महिन्यांनी. आकडा उतरायला वर्ष-दीड वर्षही लागतं, पण उतरताना दिसला पाहिजे. नाही दिसला तर पुन्हा गिरणीपासून सुरुवात.

दिवाळीचं विचारलंत. अनारसे तांदळाचे, बेसनाचे लाडू घरच्या दळणाचे, पातळ पोह्यांचा चिवडा हिंग न घालता, चकली तांदूळ-डाळींच्या घरच्या भाजणीची. एवढ्यात ताट भरतं. करंजीची पारी म्हणून उकडीच्या मोदकाचंच पीठ वापरतो, चव वेगळी लागते, पण मुलं खातात. शंकरपाळी मात्र तांदळाच्या पिठाची तीनदा करून पाहिली आणि तिन्हीदा तुपात विरघळली. तुम्हाला जमली तर इथेच खाली प्रमाण लिहा.