काय झालं ते नंतर सांगा, आधी कधी झालं ते सांगा

"मॅडम, पाच टेस्ट केल्या, पाचही निगेटिव्ह आल्या, तरी डोक्यातून जात नाहीये, अजून किती वेळा करू?" एचआयव्ही समुपदेशनात हा प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय की मी आता समोरच्याचं वाक्य संपायच्या आत कॅलेंडर पुढे ओढते. तरी आज एकाचीच गोष्ट सांगते. ओळख पटेल असं सगळं बदललंय, बाकी जसं घडलं तसं.

तिशीतला माणूस, लग्न झालेलं. ऑफिसच्या ट्रेनिंगला बाहेरगावी गेला होता, तिथे एका बाईशी संबंध आला, कंडोम नव्हता, तिच्याबद्दल काहीच माहिती नाही. खुर्चीत बसल्या बसल्या त्याने सांगायला सुरुवात केली, किती प्यालो होतो, मी तसला माणूस नाही, बायको किती चांगली आहे, असं दहा मिनिटं. पूर्वी मी हे सगळं शांतपणे ऐकून घ्यायचे, आता मध्येच थांबवते. जरा रुक्ष वाटतं समोरच्याला, पण इलाज नाही, कारण या कामात पहिला प्रश्न एकच असतो, कधी? किती वाजता हेही चालेल.

तर तो म्हणाला एकवीस दिवस झाले. आणि मग त्याने बॅगेतून प्लास्टिकचं फोल्डर काढलं, त्यात पाच रिपोर्ट तारखेप्रमाणे लावलेले. तिसरा दिवस, आठवा, बारावा, सोळावा, विसावा. प्रत्येकावर नॉन-रिॲक्टिव्ह.

मी तिसऱ्या दिवसाचा रिपोर्ट हातात घेतला आणि खरं सांगायचं तर पोटात कसंतरी झालं. शनिवारी रात्रीची गोष्ट आणि हा मंगळवारी सकाळी दहाला लॅबमध्ये. म्हणजे साठ तासही झाले नव्हते. त्या काउंटरवर त्याला कुणीतरी फक्त एवढं विचारलं असतं की टेस्ट का करताय, तर त्याला त्याच दिवशी पेपच्या गोळ्या मिळू शकल्या असत्या. पेप म्हणजे संबंध आल्यानंतर घ्यायची औषधं, एचआयव्हीच्या उपचारातलीच, २८ दिवस रोज न चुकता घ्यायची, पण पहिला डोस ७२ तासांच्या आत पोटात गेला पाहिजे आणि जितका लवकर तितकं चांगलं, ७२ तास आहेत म्हणून एकाहत्तराव्या तासाला जायचं असं नाही. त्याला हे माहीतच नव्हतं. लॅबवाल्याने रक्त घेतलं, पैसे घेतले, संध्याकाळी रिपोर्ट मोबाईलवर पाठवला. आणि हा बिचारा तो रिपोर्ट बघून दोन दिवस खूश होता.

तिसऱ्या दिवशीची निगेटिव्ह टेस्ट काय सांगते माहितीये का? त्या शनिवारच्या आधी तुम्हाला एचआयव्ही नव्हता, बस. शनिवारी काय झालं ते तिला अजून दिसतच नाही. विषाणू शरीरात शिरला तरी सुरुवातीचे काही दिवस टेस्टला रक्तात काही सापडत नाही, यालाच विंडो पिरियड म्हणतात. हल्लीची फोर्थ जनरेशन टेस्ट विषाणूचा पी२४ नावाचा भाग आणि शरीराने बनवलेल्या अँटीबॉडी असं दोन्ही शोधते, शिरेतून रक्त घेऊन लॅबमध्ये केली तर साधारण १८ ते ४५ दिवसांत संसर्ग पकडते. नुसत्या अँटीबॉडी शोधणाऱ्या टेस्टला २३ ते ९० दिवस लागतात, बोट टोचून करायच्या झटपट पट्ट्या बहुतेक याच प्रकारातल्या. आरएनए टेस्ट, म्हणजे थेट विषाणूचं जनुकीय द्रव्य शोधणारी, सगळ्यात आधी, १० ते ३३ दिवसांत, पण ती प्रत्येकाला लागत नाही. आणि ते जे "सहा महिने थांबा" म्हणतात ना, ते जुन्या टेस्टच्या काळातलं आहे, १९८५ मध्ये पहिली टेस्ट आली तेव्हापासून खूप पाणी वाहून गेलंय, पण सल्ला मात्र तसाच फिरतोय.

म्हणजे त्याच्या पाचपैकी चार टेस्ट शनिवारच्या प्रश्नाबद्दल मुक्या होत्या, आणि विसाव्या दिवसाची थोडंसं काहीतरी कुजबुजत होती इतकंच.

हे सांगितल्यावर त्याने मला रिपोर्टवरचे आकडे दाखवले. पहिल्यात ०.११, मग ०.१४, मग ०.०९, शेवटच्यात ०.२४. "मॅडम, वाढतंय." त्याने चक्क ग्राफ काढला होता वहीत. तर हे जरूर वाचा, कारण या आकड्याने लोकांच्या झोपा उडवल्यात, बहुतेक रिपोर्टमध्ये १ च्या खाली म्हणजे नॉन-रिॲक्टिव्ह, त्याच्या आत ०.०९ असो की ०.२४ असो, काही फरक नाही, मशीनचा चढउतार आहे तो. आणि नॉन-रिॲक्टिव्ह म्हणजेच निगेटिव्ह, त्या शब्दानेही काही जण घाबरतात.

मग लक्षणं. घसा दुखतोय, मानेला गाठी आल्यात. मी म्हटलं दाखवा, तर मानेच्या दोन्ही बाजू लाल, मी विचारलं दिवसातून किती वेळा दाबून बघता? तो गप्प. फोनमध्ये जिभेचे फोटो, टॉर्च लावून काढलेले, एकवीस दिवसांचे, रोज दोन. हसू नका, भीती अशीच असते. नवा संसर्ग झाला की दोन ते चार आठवड्यांत काही जणांना ताप, पुरळ, घसा असं होतं हे खरं आहे, पण तेच साध्या व्हायरलमध्येही होतं आणि कित्येकांना काहीच होत नाही, त्यामुळे जीभ बघून एचआयव्ही ओळखता येत नाही, तुम्हालाही नाही आणि मलाही नाही.

त्याने विचारलं, चान्स किती ते सांगा. मी हा आकडा आधी सांगत नाही, कारण सुरुवातीला सांगितला तर माणूस एकतर ऐकतच नाही किंवा पुढच्या वेळेसाठी जपून ठेवतो. पण विचारलंच होतं. समोरची बाई पॉझिटिव्ह असेल आणि उपचार घेत नसेल असं धरलं तरी योनीसंबंधात पुरुषाला एका वेळच्या संबंधातून लागण व्हायचं प्रमाण दहा हजारांत साधारण चार. गुदसंबंधात आत घेणाऱ्याला ते कितीतरी जास्त, दहा हजारांत १३८. आणि तिला एचआयव्ही असता पण औषधं नियमित चालू असती, व्हायरल लोड म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण दबलेलं असतं, तर तिच्याकडून त्याला लागण झालीच नसती. हे ऐकून तो म्हणाला, म्हणजे मी वाचलो? मी म्हटलं, शक्यता फार कमी आहे, टेस्टला सुट्टी नाही.

आता अवघड भाग. मी विचारलं, या एकवीस दिवसांत बायकोशी संबंध आला का? आला होता, एकदा, बाराव्या दिवशी, कारण निगेटिव्ह रिपोर्ट हातात होता आणि टाळत राहिलं तर तिला संशय येईल असं वाटलं. विंडो पिरियड माहीत नसण्याचा खरा धोका हा आहे. नवीन संसर्गात सुरुवातीच्या आठवड्यांतच विषाणूचं प्रमाण सगळ्यात जास्त असतं, म्हणजे टेस्ट गप्प असते तेव्हाच माणूस दुसऱ्याला देऊ शकतो. हे सांगताना मी आवाज खाली आणते, तरी तो रडला. थोडा वेळ जाऊ दिला. मग म्हटलं, आता यापुढे पंचेचाळीस दिवसांची टेस्ट होईपर्यंत एकतर संबंध नाही, नाहीतर कंडोम. तो म्हणाला, आमच्यात कधी वापरलाच नाही, अचानक काय सांगू? यावर माझ्याकडे तयार उत्तर नाही, कुणाकडेच नसावं. त्याने पाठदुखीचं कारण सांगितलं. बायकोला खरं सांगायचं की नाही हा निर्णय मी त्याच्यावर सोडला, एवढंच स्पष्ट केलं की रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर तिला सांगणं टळणार नाही, कारण मग तिचीही टेस्ट लागेल, आणि त्या वेळी सांगायला मी सोबत बसेन.

उठता उठता म्हणाला, पुढच्या आठवड्यात ऑफिसात रक्तदान आहे, तिथे रक्त तपासतातच ना, तेही बघून घेतो. मी त्याला परत खाली बसवलं! टेस्ट फुकट होते म्हणून रक्त देऊ नका हो. विंडो पिरियडमधलं रक्त तपासणीतून निसटू शकतं आणि ते कुणाला तरी चढतं.

मग मी त्याच्या फोनमध्ये दोन तारखा टाकल्या, पंचेचाळीसावा दिवस आणि नव्वदावा. मधे एकही टेस्ट करायची नाही असं कबूल करून घेतलं. (पेप घेतलं असतं तर हे दिवस गोळ्या संपल्यापासून मोजावे लागले असते, ते वेगळं.) सोबत सिफिलिस आणि हिपॅटायटिस बीची तपासणीही करायला सांगितली, एचआयव्हीच्या धास्तीत बाकीचे आजार लोकांच्या लक्षातच येत नाहीत, आणि हिपॅटायटिस बीची तर लसही आहे.

मधल्या काळात तीनदा फोन आला. एकदा फक्त "काही नाही मॅडम, असंच" म्हणून ठेवला.

सेहेचाळिसाव्या दिवशी लॅबची फोर्थ जनरेशन टेस्ट, निगेटिव्ह. तसं तिथेच संपलं होतं, मी तसं सांगितलंही, पण त्याला नव्वदावा हवाच होता. त्या दिवशी आमच्याकडची पट्टी लावली. पट्टीसमोर मी कुणाला बसू देत नाही, वीस मिनिटं त्या रेषेकडे बघणं म्हणजे छळ, त्याला बाहेर चालायला पाठवलं. परत आला तेव्हा कंट्रोलची, म्हणजे पट्टी नीट चालली एवढंच सांगणारी, एकच रेषा, टेस्टची जागा कोरी, म्हणजे निगेटिव्ह. त्याने पट्टी उजेडात धरून तिरकी करून पाहिली, मग मला परत दिली आणि म्हणाला, बायकोशी बोलायचंय, आज नाही, पण बोलणार आहे.

रात्री साडेअकराला मेसेज. "मॅडम, ती दुसरी रेषा अगदी फिकट होती का हो? मला आता तसं वाटतंय."

"एकच होती. झोपा."

दोन निळ्या टिका आल्या, उत्तर नाही आलं.