पावशा आणि चातक एकच का?

प्रश्न असा आला आहे : "एप्रिलमध्ये कासवांची पिल्लं बघायला वेळासला गेलो होतो. सकाळी बाणकोटच्या वाटेवर चालताना आमराईतून एक पक्षी सारखा ओरडत होता. ज्यांच्या घरी उतरलो होतो ते काका म्हणाले, हा पावशा, 'पेरते व्हा' म्हणतोय. सोबतची मैत्रीण म्हणाली, म्हणजेच चातक. दोन्ही नावं एकाच पक्ष्याची आहेत का? आणि 'पेरते व्हा' ही कुठली मराठी?"

काका बरोबर आहेत. पक्षी दोन आहेत. घोटाळा मात्र जुना आहे, आणि त्याला हिंदी गाण्यांतल्या 'पपीहा'ने बराच हातभार लावलाय, कारण हिंदीत हे नाव दोघांनाही चिकटतं. दोघेही कोकीळकुळातले, दोघेही सातभाई पक्ष्यांच्या घरट्यात अंडी घालणारे, दोघांचाही पावसाशी संबंध. पण चातक काळा-पांढरा, डोक्यावर टोकदार शेंडी असलेला. आपल्याकडे तो आफ्रिकेतून समुद्र ओलांडून येतो आणि दिसतो तो पावसाच्या तोंडावर. पावशा इथलाच. अंगाने राखाडी, शेपटीवर आडवे पट्टे. उडताना तो इतका शिकऱ्यासारखा, म्हणजे लहान ससाण्यासारख्या शिकारी पक्ष्यासारखा, दिसतो की लहान पाखरं घाबरून पांगतात. चैत्रात, किनाऱ्यावरचे शेवटचे कुरव पक्षी उत्तरेकडे निघालेले असताना, आमराईत जो टिपेला जातो तो पावशा.

नावं बघितली तरी फरक कळतो. 'चातक' संस्कृतातून जसाच्या तसा आला. 'चत्' म्हणजे मागणे, याचना करणे, त्यावरून तो मागणारा. म्हणून आपण चातकासारखी वाट पाहतो. पावशासारखी कुणी पाहत नाही. 'पावशा' घरचा शब्द आहे. प्रावृष्‌चा प्राकृतात 'पाउस' झाला, मराठीत 'पाऊस'. त्याला खंड्या, किलकिल्या यांत दिसणारा 'या' लागला आणि 'स'चा 'श' झाला, असं मला वाटतं. मासा-माशाला, ससा-सशाला, पैसा-पैशाला यांत हेच होतं. 'पावश्या' असंही लिहिलेलं दिसतं, पण 'माश्याला' न लिहिता 'माशाला' लिहितो, तसं 'पावशा' लिहावं.

आता 'पेरते व्हा'. मला या दोन शब्दांचं फार अप्रूप आहे. पक्षी 'पेरा' म्हणत नाही, 'पेरते व्हा' म्हणतो. 'पेरा' ही एका कामाची आज्ञा झाली. 'पेरते व्हा' म्हणजे पेरणारे व्हा, त्या कामाला लागा, आता थांबू नका. बाळ चालतं झालं, अबोल माणूस बोलता झाला, कुणाला 'लिहिते व्हा' म्हटलं, या सगळ्यांत हीच रचना आहे. पुराणिकबुवांच्या तोंडी 'मग राजा म्हणता झाला' यायचं तेही हेच. एखाद्याला हाकलताना 'चालता हो' म्हणतो तीसुद्धा हीच, फक्त तिथे तिला धार आली. आणि 'व्हा' मुळे हाक सगळ्या गावाला उद्देशून होते. 'पेरता हो' असतं तर ती एकट्यालाच झाली असती.

कानाने ऐकाल तर पक्षी 'पेर्ते' म्हणतो, 'पेरते' नाही. त्याच्या हाकेत तीनच ठोके आहेत, पे-र्ते-व्हा, आणि मधल्यावर जोर. पाच-सहा वेळा तेच, दर वेळी पट्टी चढत जाते, आणि आता गळा फाटतो की काय असं वाटतं तोच एकदम गप्प. थोड्या वेळाने पुन्हा खालून सुरुवात. याच तीन ठोक्यांत हिंदी भाषकांना 'पी कहाँ' ऐकू आलं, बंगाल्यांना 'चोख गेलो', म्हणजे डोळा गेला, आणि इंग्रजांना 'ब्रेन फीव्हर'. कुणाला विरह, कुणाला दुखणं. आपल्या माणसांना पेरणी ऐकू आली याचा मला अभिमान वाटतो.

चैत्रात पेरणीचं काय, असं कुणी विचारेल. कोकणात भाताची तयारी तेव्हाच चालू असते. भाजावळीसाठी कवळं, म्हणजे झाडांच्या पानाळ डहाळ्या, तोडून, पाला-पाचोळा पसरून राब, म्हणजे भाताची रोपं करायची जागा, भाजले जातात. पुढे मे महिन्याच्या शेवटी रोहिणी नक्षत्रात धूळवाफेवर, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीतच, भात पेरायचं, म्हणजे आधी जमीन तयार हवी. पावशाची हाक मार्चपासून पावसापर्यंत चालते, म्हणजे ती नेमकी या सगळ्या कामाच्या डोक्यावर असते.

पुन्हा वेळासला जाल तेव्हा रात्री जेवणं उरकल्यावर अंगणात थोडं थांबा. चांदणं असेल तर पावशा रात्रीही ओरडतो, आणि सुरूच्या बनापलीकडे समुद्राची गाज असली तरी तिसरा ठोका स्वच्छ ऐकू येतो.