आत्मचरित्र, आत्मकथन की नुसत्याच आठवणी?

प्रश्न असा आलाय की आजोबा एसटीत ड्रायव्हर होते, नातीने त्यांच्या बोलण्याचं मोबाईलवर रेकॉर्डिंग केलंय आणि आता ते टाईप करून घरच्यांपुरतं एक छोटं पुस्तक छापायचंय, तर कव्हरवर 'आत्मचरित्र' लिहायचं, 'आत्मकथा' लिहायचं की 'आत्मकथन'? शिवाय 'स्वतःचं आत्मचरित्र' असं म्हणणं चूक आहे का? आणि आजोबा १९८४ पर्यंत येऊन थांबलेत, पुढचं सांगायला तयार नाहीत, मग अशा अर्धवट राहिलेल्याला काय म्हणतात?

सोपं आधी उरकतो. 'स्वतःचं आत्मचरित्र' ही द्विरुक्ती आहे, 'पिवळा पितांबर' आणि 'गाईचं गोमूत्र' यांच्याच पंगतीतली. इथला 'आत्म' म्हणजे आत्मा-परमात्मा वाला नाही, संस्कृतात 'आत्मन्' हा शब्द 'आपण, स्वतः' या अर्थानेही सर्रास येतो, आत्मविश्वास, आत्मस्तुती मध्ये आहे तोच. त्यामुळे 'स्वतःचं' त्यात आलंच. पण बोलताना कुणी म्हणालं तर मी तरी टोकत नाही, कारण हल्ली बड्या लोकांची आत्मचरित्रं दुसरेच लिहून देतात, तेव्हा 'त्याने स्वतःचं आत्मचरित्र स्वतः लिहिलं' या वाक्यातून खरोखर नवीन माहिती मिळते :) आणि हो, टाईप करताना 'आत्मचारित्र्य' होऊ देऊ नका. चरित्र वेगळं, चारित्र्य वेगळं. हिंदीत 'चरित्र' म्हणजे माणसाचं शील, तिथून ही भेसळ होते.

आता मुख्य मुद्दा. व्याकरणाने बघाल तर या चारपाच शब्दांत फार फरक नाही, कुठलाही घातला तरी चालतं आणि शब्दकोशही साधारण एकाच अर्थाकडे नेतात. फरक आहे तो दाव्याचा. म्हणजे सांगणारा आपल्या आयुष्याबद्दल किती मोठा दावा करतोय. 'चरित्र' हा जड शब्द आहे. 'चर्' म्हणजे चालणं, वागणं, त्यावरून केलेली करणी, आणि ही करणी पूर्वापार कुणाची सांगायची, तर देवाची, अवताराची, राजाची. मराठीतला सुरुवातीचा मोठा गद्यग्रंथ 'लीळाचरित्र', तो चक्रधरस्वामींचा. संस्कृतात बाणभट्टाने 'हर्षचरित' लिहिलं ते हर्षवर्धन राजाचं, पण गंमत म्हणजे राजाची गोष्ट सुरू व्हायच्या आधी बाण आपलं कूळ, आपली उनाडकी, सगळं सांगून घेतो, मात्र नाव राजाचंच ठेवतो. स्वतःच्या आयुष्याला चरित्र म्हणायचं तर थोडी छाती लागते आणि आपल्याकडे ती बऱ्याच जणांना झाली नाही.

तुकोबांचंच बघा. 'याती शूद्र' या शब्दांनी सुरू होणारा त्यांचा अभंग आहे ज्यात ते आपली जात, धंदा, दुष्काळात बायको अन्न अन्न करत गेली ते, धंद्यात तोटा आला ते, सगळं सांगतात. पण सुरुवातीलाच म्हणतात, 'नये बोलों परि पाळिलें वचन, केलियाचा प्रश्न तुम्हीं संतीं'. म्हणजे हे बोलू नये, पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मला वाटतं मराठीतलं अर्धंअधिक आत्मकथनपर लेखन याच ओळीवर उभं आहे. कुणीतरी विचारलं म्हणून. तुमच्या आजोबांनाही तुम्ही विचारलंत म्हणूनच ते बोलले ना! तुकोबांना गुरू मानणाऱ्या बहिणाबाई (शिऊरच्या, सतराव्या शतकातल्या, खानदेशच्या कवयित्री नव्हेत) यांनी अभंगांतून स्वतःचं लहानपण, नवऱ्याचा मार, सगळं सांगितलंच, वर आधीचे बारा जन्मही सांगितले, तेही मुलाला उद्देशून. त्या रचनेला 'आत्मनिवेदन' म्हणतात. निवेदन हा नम्र शब्द, आपण वर पाहून करतो ते. पुढे गोव्याचे धर्मानंद कोसंबी, बौद्ध धर्म शिकायला घर सोडून श्रीलंकेपर्यंत गेलेले, त्यांनीही १९२४ मध्ये आपल्या पुस्तकाला नुसतं 'निवेदन' नाव दिलं.

धोंडो केशव कर्व्यांनी १९१५ मध्ये 'आत्मवृत्त' म्हटलं. वृत्त म्हणजे घडलं ते, वृत्तपत्रातलं. अगदी कर्व्यांना शोभेल असा कोरडा, हिशेबी शब्द, मला फार आवडतो. पण तुमच्या कव्हरवर तो नको, कारण शाळेने त्याची वाट लावलीय. 'फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त', 'नदीचे आत्मवृत्त', दहा मार्कांचा निबंध, 'होय, मीच तो वटवृक्ष बोलतोय' वगैरे. आजोबांच्या फोटोखाली आत्मवृत्त छापलंत तर लोकांना आधी वडाचं झाड आठवणार.

आणि याच कर्व्यांच्या घरात दुसऱ्या टोकाचं नाव सापडतं. त्यांच्या पत्नी बाया कर्वे यांच्या पुस्तकाचं नाव 'माझे पुराण'. आपण 'पुराण लावलं' कधी म्हणतो? कुणी कंटाळा येईपर्यंत बोलत सुटलं की. म्हणजे बाई स्वतःच्या आयुष्याला आधीच हसून मोकळ्या होतात, आता तुम्ही काय हसणार. (आणि वाचून बघाल तर नवऱ्याच्या संस्थेपायी घरात काय काय सोसलं ते या पुराणात जितकं कळतं तितकं आत्मवृत्तात कळत नाही, असं माझं मत.) बायांची बहीण पार्वतीबाई आठवले, त्यांनी 'माझी कहाणी' म्हटलं, कहाणी म्हणजे श्रावणात वाचतात ती, साठा उत्तरांची, पाचा उत्तरी सुफळ होणारी. रमाबाई रानड्यांचं १९१० चं पुस्तक 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी'. यातला प्रत्येक शब्द मागे मागे सरकणारा आहे बघा, 'माझ्या' नाही तर 'आमच्या', सगळ्या नाही तर 'काही', आणि चरित्र तर नाहीच, 'आठवणी'. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे' म्हटलं. बायकांनी चरित्र हा शब्द टाळला याला निव्वळ योगायोग म्हणायला माझं मन धजत नाही, पण त्यामुळे झालं असं की घरगुती, सांगणाऱ्या आवाजातली मराठी याच पुस्तकांत जिवंत राहिली, पुरुषांच्या जाड आत्मचरित्रांत सत्कार आणि अध्यक्षीय भाषणंच जास्त.

आता 'आत्मकथा' आणि 'आत्मकथन'. आत्मकथा हा हिंदी-गुजरातीकडे रुळलेला शब्द, गांधीजींच्या पुस्तकामुळे घराघरात गेला, त्यांच्या गुजराती नावातच 'सत्यना प्रयोगो अथवा आत्मकथा' असं आहे. मराठीत चालतो, पण 'कथा' म्हटलं की आपल्याला थोडं रचलेलं वाटतं. आत्मकथन मात्र जोरात आलं ते १९७८ नंतर, दया पवारांच्या 'बलुतं' पासून जी दलित लेखकांची रांग लागली तिच्याबरोबर. 'स्वकथन' पण म्हणायचे. वेगळा शब्द कशाला हवा होता ते वयं बघितली की कळतं. आत्मचरित्र लिहायचं ते रिटायर झाल्यावर, सगळं मिळवून झाल्यावर, अशी तोवरची रीत. 'बलुतं' आलं तेव्हा पवार ४३ चे, 'उपरा' १९८० मध्ये आलं तेव्हा लक्ष्मण माने तिशीच्या आसपास, 'अक्करमाशी' १९८४ मध्ये आलं तेव्हा शरणकुमार लिंबाळे जेमतेम २८ चे. अठ्ठाविसाव्या वर्षी कसलं चरित्र! तिथे करणी सांगायची नव्हतीच, आपल्यावर काय केलं गेलं ते सांगायचं होतं, आणि त्याला 'कथन' हाच शब्द बसतो. 'बलुतं'ची मांडणीच अशी आहे की दगडू मारुती पवार सांगतोय आणि दया पवार ऐकतायत, माणूस एकच पण सांगणारा आणि ऐकणारा वेगळे काढलेत.

आणि हे कथन बऱ्याचदा एकट्याचं नसतं. बेबी कांबळे यांचं पुस्तक 'जिणं आमुचं', घरच्यांपासून लपवून लिहिलेलं, बरीच वर्षं दडवून ठेवलेलं, ते १९८६ मध्ये पुस्तकरूपात आलं. रमाबाईंच्या 'आमच्या' मध्ये नवरा-बायको आहेत, बेबीताईंच्या 'आमुचं' मध्ये अख्खा महारवाडा. एकच सर्वनाम, पण केवढी जागा व्यापतं! त्याच वर्षी शांताबाई कांबळे यांचं 'माज्या जल्माची चित्तरकथा' आलं, आणि या बाई स्वतः शिक्षिका, पोरांना शुद्ध मराठी शिकवलेल्या, त्यांना काय 'माझ्या जन्माची' लिहिता येत नव्हतं? पण तसंच ठेवलं. म्हणून टाईप करताना माझा आग्रह असा की आजोबा 'व्हतं' म्हणाले असतील तर 'होतं' करू नका, 'ष्टेरिंग' म्हणाले असतील तर तेही राहू दे. प्रूफ तपासणारा काका घरात असतोच, त्याला हे आधी सांगून ठेवा.

पण तुमच्या बाबतीत खरा अडकलेला शब्द वेगळाच आहे, तो तुम्ही विचारलाच नाहीत. शब्दांकन. एकाने सांगितलं आणि दुसऱ्याने लिहून काढलं याला मराठीत हा नेमका शब्द आहे आणि तो वापरायला लाजू नये. हंसा वाडकरांचं 'सांगत्ये ऐका' हे असंच, त्या बोलल्या आणि अरुण साधूंनी शब्दांकन केलं, 'माणूस' या नियतकालिकातून आलं. नाव त्यांच्या गाजलेल्या सिनेमावरून घेतलंय हे खरं, पण ते किती चपखल बसलंय. 'सांगत्ये', हे बाईच्या तोंडचं रूप, पुरुष म्हणणार 'सांगतो', आणि पुढे 'ऐका', म्हणजे समोर ऐकणारा धरलेलाच आहे. तिथे 'मी' वाडकरांचा आहे, साधूंचा नाही, आणि हीच कसोटी तुम्हीही लावा. पुस्तकात 'मी डेपोत लागलो' असं असेल तर ते आजोबांचं आत्मकथन आणि तुमचं शब्दांकन. 'आजोबा डेपोत लागले' असं लिहायला लागलात तर ते चरित्र झालं, तुम्ही लिहिलेलं, मग लेखिका म्हणून तुमचं नाव येणार आणि चुकांची जबाबदारीही तुमची. दोन्हीची मिसळ करू नका, अर्ध्या पानावर 'मी' आणि खाली 'आजोबा' असं झालं की वाचणाऱ्याला कळत नाही बसमध्ये नक्की कोण बसलंय. तुमचं काही मधे घालायचं असेल तर वेगळ्या टायपात टाका, नाहीतर शेवटी 'नातीचे दोन शब्द' म्हणून.

राहिलं अर्धवटाचं. याला वेगळं नाव द्यायची गरजच नाही कारण आत्मचरित्र हा प्रकार मुळातच अर्धवट, शेवट लिहायला लेखक उरत नाही. नाना फडणवीसांनी स्वतःबद्दल थोडंसं लिहून ठेवलंय ते पानिपतावरून जीव वाचवून परत आले तिथल्या आसपास थांबतं, पुढची चाळीस वर्षं ज्यात त्यांनी सगळं राज्य चालवलं त्यावर अवाक्षर नाही! लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'चा चौथा भाग अपुरा राहिला तो मुलाने, देवदत्त टिळकांनी पुरा केला. सगळ्यात हिशेबी माणूस म्हणजे आग्र्याचा जैन व्यापारी बनारसीदास, त्याने १६४१ मध्ये ब्रज भाषेत पद्यात आपली गोष्ट लिहिली, वय होतं ५५, माणसाचं पूर्ण आयुष्य ११० वर्षांचं धरलं म्हणून नाव ठेवलं 'अर्धकथानक'. उरलेलं अर्धं काही त्याला मिळालं नाही, थोड्याच वर्षांत गेला.

'पूर्वार्ध' मात्र छापू नका. पूर्वार्ध म्हटलं की उत्तरार्ध कधी येणार हे प्रत्येक लग्नात नातेवाईक विचारणार आणि आजोबांना नेमकं तेच नकोय. १९८४ ला काय झालं ते त्यांना सांगायचं नसेल तर नाही सांगायचं, तो त्यांचा हक्क. वर त्यांचं नाव आणि पुस्तकाला जे काही नाव सुचेल ते, त्याखाली 'आत्मकथन (१९८४ पर्यंत)', खाली बारीक अक्षरात 'शब्दांकन' आणि तुमचं नाव. छापायला टाकायच्या आधी एकदा सगळं आजोबांना मोठ्याने वाचून दाखवा, कारण पन्नास वर्षांपूर्वीच्या गावांची आणि डेपोंची नावं रेकॉर्डिंगमध्ये हमखास चुकीची ऐकू येतात.