‘विसर्ग सोडला’ म्हणजे पिवळा पितांबर

भिलवडीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. पावसाळा लागला की बातम्यांत रोज ‘कोयनेतून 50 हजार क्युसेक प्रति सेकंद विसर्ग सोडला’ असं ऐकू येतं. विसर्ग म्हणजे ‘दुःख’मधली दोन टिंबं, असं शाळेत शिकलो, मग तो धरणातून कसा सुटतो? आणि हे वाक्य बरोबर आहे का?

वाक्य चूक आहे, आणि तेही दोनदा.

क्युसेकचं आधी उरकून टाकू. त्यातला ‘सेक’ म्हणजेच सेकंद. सेकंदाला एक घनफूट, म्हणजे सुमारे 28.3 लिटर पाणी गेलं की तो एक क्युसेक. त्याला वर आणखी ‘प्रति सेकंद’ चिकटवलं, तर दर सेकंदाला विसर्ग 50 हजार क्युसेकनं वाढतोय असा अर्थ होतो. तसं खरंच झालं तर मिनिटभरात आकडा 30 लाखांवर जाईल आणि सांगलीच्या आयर्विन पुलावरची पाण्याची उंची दाखवणारी पट्टी वाचायला कुणी उरणार नाही. क्युसेक हा दर, टीएमसी हा साठा. 50 हजार क्युसेक सलग चालू राहिलं तर एक टीएमसी, म्हणजे शंभर कोटी घनफूट पाणी जायला साडेपाच तास लागतात, आणि कोयनेत मावतं 105 टीएमसी. सांगलीत हे कुणाला शिकवावं लागत नाही. जुलैअखेर कृष्णाकाठच्या चहाच्या गाड्यावर उभं राहून ऐका. “कोयना किती?” “पन्नास.” “पूल?” “अडतीस.” संपलं. पहिला आकडा हजार क्युसेकचा, दुसरा फुटांचा. 40ला इशारा, 45ला धोका. एककं चुकतात ती माईक हातात घेतलेल्यांची. (हीच मंडळी हाताशी ‘फुगवटा’ असताना ‘बॅकवॉटर’ म्हणतात. असो.)

दुसरी चूक ‘विसर्ग सोडला’ ही. विसर्ग म्हणजेच सोडणं. विसर्ग करतात, वाढवतात, कमी करतात, थांबवतात. सोडतात ते पाणी. आमचे एक व्याकरणप्रेमी स्नेही म्हणतात, रूढ झालं की शुद्ध झालं. ठीक आहे, मग यंदा अनंत चतुर्दशीला त्यांच्याच घरी ‘गणपतीचं विसर्जन सोडलं’ म्हणून सुरुवात करू या.

आता खरी मजा. ‘विसर्ग’ शब्दातला मूळ धातू आहे ‘सृज्’. शाळेत त्याचा अर्थ ‘निर्माण करणे’ एवढा सांगून मास्तर पुढच्या धातूकडे वळतात. मुळातला अर्थ आहे सोडणं, मोकळं करणं. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातलं 32वं सूक्त काढा. वृत्रानं पाणी अडवून धरलंय. ‘निरुद्धा आपः’, अडवलेलं पाणी, हे शब्दच तिथं आहेत. इंद्र त्याला मारतो आणि लगेच पुढच्या ऋचेत येतं, ‘अवासृजः सर्तवे सप्त सिन्धून्’. सात नद्या तू वाहायला सोडल्यास. हा ‘असृजः’ म्हणजे आपला सृज्. अडवलेलं पाणी सोडायला तीन हजार वर्षांपूर्वी जो धातू वापरला, तोच आज पाटबंधारे खात्याच्या पत्रकात आहे. आणि लोक म्हणतात सरकारी मराठी कोरडी असते!

दुसरा दाखला मला याहून आवडतो. मुंडकोपनिषदात विश्व कसं झालं ते सांगताना कोळ्याचं उदाहरण दिलंय: ‘यथोर्णनाभिः सृजते गृह्णते च’. कोळी जसा धागा सोडतो आणि परत घेतो. इथं ‘सृजते’चं भाषांतर ‘निर्माण करतो’ असं करणाऱ्यांनी कोळी कधी नीट पाहिलेला नसावा. त्याच्या पोटात रेशीम द्रवरूप असतं. पोटाच्या टोकाशी असलेल्या बारीक तोट्यांतून ते बाहेर ओढलं जातं तेव्हा त्याचा धागा होतो. म्हणजे आत असलेलं बाहेर सोडणंच की ते. आणि ‘गृह्णते’ हेही कवीच्या पदरचं नाही. गोल जाळी विणणाऱ्या कित्येक जातींचे कोळी जुनं जाळं खाऊन टाकतात आणि त्यातली प्रथिनं नव्या धाग्यासाठी वापरतात. पहाटे परसात थोडा वेळ बसलात तर दिसेल.

यावरून माझं एक मत बनलंय आणि ते कुणी मानो न मानो. ‘निर्माण’ शब्दात ‘मा’ म्हणजे मोजणं आहे. तिथं गवंडी आलाच, सूत-ओळंबा आला. ‘सृष्टी’त गवंडी नाही. सृष्टी म्हणजे आतून सुटलेली. मग निसर्ग, विसर्ग, संसर्ग, उपसर्ग, उत्सर्जन, विसर्जन ही सगळी सख्खी भावंडं ठरतात. कार्बनचं उत्सर्जन आणि मूत्रपिंडाचं उत्सर्जन एकाच शब्दानं सांगता येतं ते यामुळेच. रघुवंशातल्या चौथ्या सर्गात (सर्गसुद्धा याच घरातला) कालिदास म्हणतो, ‘आदानं हि विसर्गाय सतां वारिमुचामिव’. सज्जन मेघांसारखे, देण्यासाठीच घेतात. विसर्ग आणि पाणी ही जोडी इथं तयारच होती.

धरणाच्या हिशेबात पाणी येतं त्याला ‘आवक’ म्हणतात. हा मार्केट यार्डातला शब्द. हळदीची आवक, गुळाची आवक. त्याची जोडी ‘जावक’शी, प्रत्येक कचेरीत तशी वहीसुद्धा असते. तरी कुणीतरी जावक बाजूला ठेवून विसर्ग उचलला. माझी पैज आहे, तो अभियंता शाळेत संस्कृत घेतलेला असणार आणि त्याला रघुवंशातली ही ओळ पाठ असणार.

जाता जाता ‘सृजन’. ‘सृजनशील’, ‘सृजनोत्सव’ यांनी अलीकडे उच्छाद मांडलाय. दृश्‌पासून दर्शन होतं, कृष्‌पासून कर्षण, तसं सृज्‌पासून सर्जन. पंढरीला जाऊन पांडुरंगाचं ‘दृशन’ घेतो का आपण? हिंदीत सृजन चालतं, चालू दे. करोनाच्या साथीत तिकडूनच ‘संक्रमण’ आलं आणि आपला चांगला ‘संसर्ग’ मागे पडला. मराठीत संक्रमण सूर्य करतो, विषाणू नव्हे. शस्त्रक्रिया करणारा ‘सर्जन’ याच कुळातला, असा एक निरोपही मोबाईलवर फिरतो. तो शब्द मूळचा ग्रीक, ‘हाताचं काम’ या अर्थाचा, फ्रेंचमार्गे इंग्रजीत गेलेला. पुढे पाठवू नका.

हां, ताईंची दोन टिंबं राहिली. तळहात तोंडासमोर धरून ‘रामः’ म्हणा. शेवटी हवेचा झोत हाताला लागेल. अक्षर संपताना श्वास सोडायचा, म्हणून त्या उच्चाराचं नाव विसर्ग. पाणिनी त्याला ‘विसर्जनीय’ म्हणतो. टिंबं ही फक्त त्याची खूण. तेवढी तरी नीट टाका: मोबाईलवर ‘दुःख’ लिहिताना विसर्गाच्या जागी जो कोलन दाबतात, तो विसर्ग नव्हे. मराठी कळफलकात विसर्गाची वेगळी कळ असते.