आधी पाणी, मग बाकीचं सगळं

बाय,

तुमच्या जुन्या घराच्या दुरुस्तीचा तुझा मेसेज वाचला, त्या इंटिरियरवाल्याच्या एस्टिमेटचा फोटोपण बघितला. पीओपीचं फॉल्स सीलिंग, व्हिट्रिफाइड टाईल्स, हॉलच्या भिंतीला टेक्श्चर, आणि खाली लिहिलंय घराची व्हॅल्यू वाढेल. त्या अख्ख्या कागदावर छप्पर हा शब्द कुठे सापडला तर मला दाखव. तू मात्र शेवटी सहज लिहून गेलीस की पावसात मधल्या खोलीत बादली ठेवावी लागते. अगं तेच पहिल्या ओळीत लिहायचं होतं!

घर विकायचं की ठेवायचं ते तुम्ही भावंडं ठरवा, मी त्यात पडत नाही. पण विका नाहीतर ठेवा, आधी पाणी. गोव्यात डिचोलीत काय नि पेडण्यात काय, वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत, त्यात चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं घर, वर मंगळुरी कौलं. कौल फुटलं तर ते बदलायला कितीसे पैसे लागतात? नाही बदललं तर कौलाखालची लाकडी पट्टी, म्हणजे रीप कुजते, मग वासा, आणि वासा बहुतेक भिंतीवर टेकलेल्या टोकाला आधी जातो, जिथे खालून बघितलं तर काही दिसत नाही. शिडी लावून स्क्रू ड्रायव्हर टोचून बघ. आत गेला की समज. आणि मातीच्या नळ्या भिंतीवरून वर चढलेल्या दिसल्या तर वाळवी, ती ओल शोधतच येते.

आता तुझा इंटिरियरवाला याच्याखाली सीलिंग मारणार. गळवावर पावडर! आज गळतं ते निदान दिसतं तरी, उद्या ते सीलिंगच्या वर गळेल आणि तुला कळेल तेव्हा वासा हातात येईल. आत बादली ठेवतेस ती जागा बहुतेक दोन छपरं मिळतात तिथल्या पन्हळीखालीच असणार, तिथे पानं अडकतात, पाणी तुंबतं आणि उलटं कौलाखाली शिरतं. पन्हळ साफ करणं, पत्रा गंजला असेल तर नवा घालणं, यात फोटो काढण्यासारखं काही नाही म्हणून कोणी एस्टिमेटमध्ये घालत नाही.

भिंतींचंपण तेच. चिरा पाणी पितो आणि ऊन पडलं की सोडतो, चुन्याच्या गिलाव्यातून ते बाहेर जातं. त्याच्यावर सिमेंट थापलंस आणि वरून वॉटरप्रूफ पेंट, की ओल आत कोंडते आणि दोन-तीन पावसांत पोपडे. पूर्वी लोक पावसाआधी भिंतींना विणलेल्या चुडतांची, म्हणजे माडाच्या झावळ्यांची, मोलां बांधायचे, आता निळं प्लास्टिक बांधतात, दिसायला भिकार पण डोकं बरोबर आहे, झड भिंतीला लागता कामा नये. स्लॅब घाल म्हणणारेही भेटतील. गोव्यात स्लॅबवर परत पत्रे चढवलेली किती घरं आहेत बघ आणि का चढवले ते त्यांनाच विचार.

तू म्हणशील काका एवढे का तापतात. आमचं पेडण्याचं घर तुला माहीत आहे, म्हणजे आता जोतं आणि पिंपळच राहिलाय. वडील गेल्यावर पाच वाटेकरी, कौलं परतायचा, म्हणजे उतरवून परत नीट बसवायचा, विषय काढला की एकच उत्तर, वाटण्या झाल्या की बघू. पाऊस वाटण्यांसाठी थांबतो? मी माझ्या खिशातून परतून घेतली, तर घरातल्याच एकाने गावभर केलं की हा घर बळकावायला बघतोय. मग मी हात काढून घेतला. लोक अजून मला ऐकवतात की तू एवढा जाणता, तुझ्या डोळ्यांदेखत पडलं. कसं सांगू त्यांना, नोकरी, म्हापशाच्या फ्लॅटचं कर्ज, आणि वर चोर ठरायचं? परत तीच वेळ आली तरी मी तेच करेन. पण देवखोलीची भिंत गेली त्या वर्षी चतुर्थीला मी गावात गेलो नाही, एवढं खरं.

म्हणून तू पैसा घालायच्या आधी भावांकडून दोन ओळी लिहून घे, की हा खर्च दुरुस्तीचा आहे, बिलं सगळ्यांना दिसतील आणि त्यामुळे कोणाचा हिस्सा बदलत नाही. आपल्या गोव्याच्या कायद्याने वडिलांच्या मागे आईचा अर्धा, उरलेल्यात तुम्ही तिघं, आणि विकायची वेळ आली तर लग्न झालेल्या भावाच्या बायकोचीपण सही लागणार. इन्व्हेंटरीचं, म्हणजे वारसांच्या वाटणीचं, काम वकिलाकडे चालू दे, घरपट्टीच्या पावत्या जपून ठेव, पण ते कागद पुरे होईपर्यंत छप्पर उघडं ठेवू नकोस.

घर बंद ठेवताय त्याचं पण बघा. कोणीतरी आठवड्यातून एकदा खिडक्या उघडायला हवा. पागोळ्या पडतात तिथली माती जोत्याकडे उतरत असेल तर ती उतार देऊन बाहेर वळव, आणि भिंतीतून पिंपळाचं रोप दिसलं तर लगेच मुळासकट काढ, नुसतं कापलंस तर परत येतं.

टाईल्स, रंग, टेक्श्चर, सगळं कर, हौस आहे तर कर, पण एक पाऊस कोरडा गेल्यावर. तोवर त्या माणसाला अॅडव्हान्स देऊ नकोस. आणि कौलं परतणाऱ्याला मार्चमध्येच फोन कर, मे उजाडला की तो कोणालाच मिळत नाही, आमच्या वाड्यावरचा एकजण अजून चांगलं काम करतो, त्याचा नंबर वेगळा पाठवतो.